वाटेत विचारीन

लाझार : ...मग म्हणालास, "या हिंसेच्या मुळाशी सात कारणं आहेत." सात! मी रेडिओ कानाला लावला. म्हटलं, आपला गुलाम आज काहीतरी बोलणार.

येरो : मग?

लाझार : चौथ्या कारणाला झोप लागली.

येरो : बोबो शेतकऱ्याच्या पोटात ज्वारीची दारू, डोलो, गेली की त्याला झोप येतेच. त्यासाठी माझी कारणं लागत नाहीत.

ओदिल : माझ्या डोलोला नावं ठेवायची नाहीत हं, येरो. स्वतः थेंबभर पीत नाहीस, सकाळपासून माझ्या झाडाखाली फुकट बसलायस, तरी मी काही बोलले का?

लाझार : फुलानी आहे तो, ओदिल. फुकटच बसणार. त्याच्या गाईसुद्धा दुसऱ्याच्याच शेतात चरतात. टोपी दे रे इकडे.

येरो : कशाला?

लाझार : मालकाने मागितली की द्यायची असते. अशी! काय पण टोपी. गवत, चामडं आणि वर हे टोक. गाईला शिंगं आहेत म्हणून तुम्हीही डोक्यावर एक लावून फिरता.

येरो : जपून. माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना बाजारात विकलं, तेव्हा त्यांच्या बदल्यात आलेली टोपी आहे ती.

लाझार : एवढी चांगली टोपी आली? मग महागात गेले म्हणायचे आमचे आजोबा.

ओदिल : माझ्या आईच्या गुत्त्यातही हेच चालायचं. बोबोने फुलान्याला गुलाम म्हणायचं, फुलान्याने बोबोला. काहीही बोलायचं, काहीही हिसकावायचं, आणि समोरच्याने रागवायचं नाही. ही रीत ज्याने पाडली ना, त्याला दुसरं कामच नसणार.

येरो : उलट. त्याने बरीच माती दिली असणार माणसांना. शेतकरी आणि गुराखी, दोघांची विहीर एक. शिव्या मोकळ्या सोडल्या की कुऱ्हाडी घरात राहतात, एवढं त्याला कळलं.

लाझार : हे आठवं कारण का?

येरो : हे औषध. कारणं वेगळी.

लाझार : बरं, मग सांग कारणं. ओदिलने ऐकलेली नाहीत. तिलाही कळू दे, राजधानीतले लोक तुला मोटार पाठवून का नेतात ते. शाळामास्तर निवृत्त झाला की कोंबड्या पाळतो. हा तज्ज्ञ झाला.

येरो : पहिलं कारण गरिबी.

ओदिल : गरिबी? मग मी अजून बंदूक कशी नाही उचलली?

लाझार : तुला काय गरज? तुझ्या हातात तो डोलो ढवळायचा डाव आहे. गेल्या आठवड्यात त्या ट्रक ड्रायव्हरच्या डोक्यात घातलास, तो अजून वाकडा चालतो.

येरो : दुसरं, हाताला काम नाही. तिसरं, धर्म.

लाझार : इथपर्यंत मी जागा होतो. धर्माला तर मी मान डोलावली.

येरो : सगळेच डोलावतात. राजधानीत मी "धर्म" म्हटलं की लोक भराभर लिहून घेतात. त्या कारणात त्यांचं कोणाचंच काही जात नाही ना. मी इतक्या पोरांशी बोललो, लाझार. निम्म्यांना धड नमाज येत नव्हती. बंदूक मिळाल्यावर शिकले.

लाझार : आणि चौथं?

येरो : सरकार दिसतच नाही. शाळा नाही, दवाखाना नाही, न्याय नाही.

लाझार : सरकार दिसत नाही कसं? दिसतं की. निवडणुकीच्या आधी आठवडाभर दिसतं. बिचाऱ्याला हातवारे करून थकवा येतो, मग पाच वर्षं निजतं. पाचवं?

येरो : पाचव्याला तू झोपला होतास. सोयीने झोपलास. पाचवं कारण म्हणजे जंगलखात्याचे पहारेकरी.

लाझार : म्हणजे मी.

येरो : नाव नाही घेतलं.

लाझार : घ्यायचं होतंस, गाढवा! आयुष्यभर त्या जंगलात खाकी घालून उन्हातान्हात फिरलो, कोणी कुत्रं ओळखत नाही. रेडिओवर नाव यायची एकच संधी होती, तीही तू घालवलीस.

येरो : तुझ्या त्या कोंडवाड्याबद्दल बोललो फक्त.

लाझार : कोंडवाडा मी बांधला नव्हता.

येरो : किल्ली तुझ्या कमरेला होती. गाईने राखीव रानात एक पाय टाकला की कोंडवाडा. रान कुठे सुरू होतं हे गाईला वाचता येत नाही, आणि पाटी फ्रेंचमध्ये.

लाझार : आणि तुमच्या गाई फक्त तुमचीच भाषा ऐकतात. माझं ओरडणं कोण ऐकणार? कायदा होता तो, येरो.

येरो : कायदा होताच. त्या कायद्याने माझ्या पुतण्याच्या दोन गाई तहानेने मेल्या, आत, तुझ्या कुलपाच्या मागे. पोरगा सरपंचाकडे गेला, कचेरीत गेला, न्यायाधीशाच्या दारात बसला. सगळे म्हणाले, उद्या ये. मग एक दिवस मोटरसायकलवरून तोंड बांधलेले लोक आले. त्यांनी विचारलं, "गाई कोणी नेल्या?" तेवढंच. त्याआधी ते कोणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळच्या आत कुंपण पाडलं आणि उरलेल्या गाई घरी आणून बांधल्या.

ओदिल : आणि पुढच्या वर्षी त्याच गाई जकात म्हणून हाकत नेल्या. ते पण सांग की रेडिओवर.

येरो : ते सहावं कारण. पहिल्या वर्षी ते न्याय देतात, दुसऱ्या वर्षी कर घेतात, तिसऱ्या वर्षी डोकं मागतात. सरकार व्हायची सगळी पायरी-पायरीने तयारी.

लाझार : आणि माझ्या भावाच्या मोटरसायकलखाली सुरुंग, ते कितवं कारण?

येरो : लाझार...

लाझार : नाही, नाही, विचारतोय. मी अडाणी माणूस. गाई मी कोंडल्या. पास्काल दवाखान्यातला. त्याने आयुष्यात कधी कोंबडीसुद्धा कोंडली नाही. तुझ्याच पाड्यावरची बाळंतीण आणायला निघाला होता. मोटरसायकलच्या मागे रुग्णांची छोटी गाडी जोडून, गादी घालून. हिशेब जुळवून दाखव बघू.

येरो : जुळत नाही.

लाझार : सात कारणं आहेत तुझ्याकडे.

येरो : म्हणूनच सात आहेत. एकाने जुळलं असतं तर सहा कशाला शोधली असती?

लाझार : आणि वर त्यांना तू काय म्हणालास? "सशस्त्र बंडखोर." काय नाव आहे! असं नाव मिळणार असेल तर मी पण सुरुंग पेरीन. मग दहशतवादी कोणाला म्हणतोस रे? तरसाला?

येरो : रस्त्यात सुरुंग ठेवणं ही दहशतच. ते मी म्हणालो, तू घोरत होतास. पण माणसालाच दहशतवादी म्हटलं ना, की पुढचं विचारणं संपतं. तो कुठून आला, कोणी आणला, परत येईल का, काही नाही. आणि ते सातवं कारण, नाक्यावरची आपली पोरं, सरकारने बंदुका दिलेली, माझ्या पाड्यावरून शेळ्या उचलून नेतात, म्हाताऱ्यांना मारतात, त्यांना काय म्हणायचं?

लाझार : स्वयंसेवक.

येरो : बघ. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

ओदिल : तुमचं दोघांचंही कार्टं घाला खड्ड्यात. पास्कालच्या गोष्टीने माझं डोकं फिरतं. हा घे तुंबा, लाझार. येरो, तुला पाणी.

लाझार : पाण्यात साखर घालून दे त्याला, विद्वान आहे. बरं, पुतण्या काय म्हणतोय? देम्बा? आयव्हरी कोस्टात कोको कसा पिकलाय यंदा?

येरो : बरा असेल.

लाझार : फोन-बिन?

येरो : मळ्यात लागत नाही.

लाझार : कसा लागणार? झाडं दाट. तुमच्या सगळ्या पाड्यांवरची तरणी पोरं कोकोच्या मळ्यात आहेत म्हणे. एकाच वर्षी सगळ्यांना कोकोचं वेड लागलं. जगाला चॉकलेट पुरवायचं म्हणजे काय चेष्टा आहे? कोकोत काम केलं की दाढीपण वाढते म्हणतात.

येरो : वाढते.

लाझार : आज तुझी जीभ कुठे गेली रे? टोपी घेतली, भांडला नाहीस. कोकोवरून टोचलं, उलटून आला नाहीस. पोट बिघडलंय?

ओदिल : जाहिरात बोलून दाखव त्याला, लाझार. हसेल.

लाझार : हां! ती पाठच आहे माझी. बातम्यांच्या आधी रोज. (नाकात बोलून) "बाळांनो, बंदूक टाका, घरी या. तुम्हाला कोणी काही करणार नाही. तुमची आई दारात उभी आहे." हा आवाज कोणाचा, ओदिल? आपल्या येरोचा. हरवलेल्या गाईला हाका माराव्यात तसा. सरकार भाषण लिहितं, हा फुलानीत गळा काढतो. मला सांग, तुझ्या त्या हाकेने आजवर कोणी आलं का रे?

येरो : एक आला.

लाझार : कोण?

येरो : कोकोच्या मळ्यातून आला. त्याच्याकडे छोटा रेडिओ होता. ऐकायची बंदी होती, तरी ऐकायचा. म्हणाला, "काका, तुझा आवाज होता, म्हणून आलो." जाहिरात लिहिणाऱ्यालासुद्धा ती खरी वाटली नव्हती, लाझार. मला वाचायला देताना हसत होता तो. सगळ्या देशात एकाच माणसाने ती खरी मानली. भाऊ गेल्यावर मी ज्याला वाढवलं, त्याने.

लाझार : कुठे आहे?

ओदिल : माझ्या भट्टीत.

लाझार : कुठे?

ओदिल : मागे. मोठ्या रांजणांच्या आड, मोड आलेली ज्वारी वाळत घातलीय तिथे. बघतोस काय असा? धर्मासाठी रानात गेलेला फुलानी दारूच्या भट्टीत लपेल, असं कोणाच्या बापाच्या ध्यानात येईल? काल अंधारात आला. वासाने ओकला बिचारा, पण बसलाय.

लाझार : म्हणजे मी मघापासून बोलतोय ते...

येरो : सगळं ऐकतोय.

ओदिल : पास्कालचं पण ऐकलं त्याने.

लाझार : ...

ओदिल : लाझार, काहीतरी बोल. शिवी दे त्याला. तू असा गप्प बसलास की मला भीती वाटते.

येरो : मी सांगतो काय हवंय ते. चौकी पलीकडे आहे. तिथला साहेब बरा माणूस आहे, आलेल्याला आत घेतो, पुढे शहरात पाठवतो. पण चौकीच्या अलीकडे नाका आहे. आणि नाक्यावर निकोला आणि त्याचे ते स्वयंसेवक आहेत. रानातून आलेला तरणा फुलानी त्यांना दिसला की ते आधी गोळी घालतात आणि मग चौकशी करतात. माझ्याबरोबर आला तर दोघांना घालतील. साहेबाला फोन केला तर जीप येईल, आणि तीही नाक्यावर थांबेल. तू बरोबर असलास तर कोणी बोट लावणार नाही. ज्याचा भाऊ सुरुंगाने गेला, तोच हात धरून नेतोय म्हटल्यावर बंदूक कोण उचलेल?

लाझार : म्हणून आज टोपी मुद्दाम घालून आलास.

येरो : म्हणून.

लाझार : म्हणजे मी हिसकावीन, आणि हिसकावली की तुझा मागायचा हक्क.

येरो : थट्टेच्या नात्यात मागितलेलं नाकारता येत नाही. मी नाही पाडली ही रीत.

लाझार : दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या देशाला समजावतो, पोरं का जातात. आणि घरचा दिवा दारूच्या भट्टीत ओकतोय.

ओदिल : असं! हे बरं. हे बोल. शिव्या दे, पण जा त्याच्याबरोबर.

लाझार : तू गप्प बस. येरो, पास्कालच्या मातीला तू आला होतास.

ओदिल : आला होता म्हणजे? नाक्यावरची सगळी पोरं बंदुका घेऊन उभी, एक फुलानी गावात फिरकला नव्हता. हा आला, पास्कालचं हेल्मेट घालून. रीत ना, मर्तिकात थट्टेच्या माणसाने सोंग करायचं. तोंडाने मोटरसायकलचा आवाज काढत आला, "पेट्रोल संपलं, पेट्रोल द्या" म्हणत खड्ड्यात उतरला आणि आडवा झाला. "मी आलो आधी, ही जागा माझी." आणि तू हसलास, लाझार. मी पाहिलं. चार दिवसांत पाण्याचा घोट घेतला नव्हतास, आणि हसलास.

लाझार : हसलो म्हणून बायको अजून बोलते मला. तेव्हा देम्बा कुठे होता, येरो?

येरो : कोकोच्या मळ्यात.

लाझार : येरो.

येरो : रानात होता. माहीत होतं मला.

लाझार : माहीत होतं, तरी खड्ड्यात उतरलास.

येरो : माहीत होतं, म्हणूनच उतरलो. कोणी वरून माती लोटली असती तरी मी उठलो नसतो.

लाझार : सुरुंगात त्याचा हात होता? तुला विचारतोय. त्या रस्त्यावर त्यांचीच टोळी होती. तो होता का?

येरो : मी विचारलं नाही.

लाझार : नाही विचारलंस? अर्ध्या देशातल्या पोरांना विचारत फिरतोस. का गेलास, कोणी नेलं, काय शिकवलं, कोणाला मारलंस. घरच्याला नाही विचारलं?

येरो : बाकीच्यांची उत्तरं लिहून घेतली की घरी जाऊन झोपता येतं. याचं उत्तर घेऊन मी कुठे झोपू? नको म्हण. खरंच. नको म्हणालास तर मी रीत-बीत काही काढणार नाही. तुझा भाऊ होता.

लाझार : आता मोठा दिलदार झालास. फुलानी गाय विकतो तेव्हा असाच बोलतो, "आवडली नाही तर नका घेऊ", आणि दोरी मात्र गिऱ्हाइकाच्या हातात देऊन ठेवतो. ओदिल, काढ त्याला बाहेर.

ओदिल : जाशील?

लाझार : काढ म्हटलं ना. तोंड धुवून काढ. अंगाला डोलोचा वास येत असेल त्याच्या, आणि मी जातोय नाक्यावर. माझीच बदनामी व्हायची.

येरो : लाझार, हो म्हणाला तर?

लाझार : काय हो म्हणाला तर?

येरो : तू विचारणार. मी ओळखतो तुला.

लाझार : वाटेत विचारीन. नाका ओलांडला की. चौकीपर्यंत पुरेसा रस्ता आहे.

येरो : आणि हो म्हणाला तर?

लाझार : तरी पोचवीन. हात धरला की सोडत नाही मी. निदान कोंडवाड्याच्या बाबतीत तरी तुझा माझ्यावर विश्वास असेल.

येरो : आणि मग?

लाझार : मग परत येऊन मी तुला साहेब म्हणेन.

ओदिल : हा बघा आला. ये रे, घाबरू नकोस. डोळे पार लाल झालेत धुराने.

देम्बा : लाझारकाका, मला...

लाझार : गप्प. आत्ता एक शब्द बोलायचा नाहीस. मी विचारीन तेव्हा बोल. आणि खरं बोल, खोटं ऐकायचं वय गेलंय माझं. केवढा झालाय रे हा, येरो! कोको मानवला याला. शर्ट काढ तो, ओदिलच्या नवऱ्याचा घाल. आणि टोपी मी घालतो.

ओदिल : तू? फुलान्याची टोपी?

लाझार : नाक्यावर निकोला मला या टोपीत बघेल आणि हसेल. हसणाऱ्याची बंदूक खाली होते. मी म्हणेन, गुलाम विकायला चाललोय, टोपी सोबत मोफत. चल रे देम्बा. माझ्या डाव्या हाताला. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही. मागे बघू नकोस, काका रडतोय तुझा, बघण्यासारखं काही नाही.

ओदिल : गेले.

येरो : गेले.

ओदिल : काही खातोस? भात आहे, शेंगदाण्याची आमटी आहे.

येरो : नको.

ओदिल : बरं, एक सांग मला. साहेब म्हणाला, तर काय एवढं? लोक हौसेने म्हणवून घेतात. तुला राजधानीत सगळे साहेबच म्हणतात ना?

येरो : म्हणतात. दार उघडून म्हणतात. खुर्ची ओढून म्हणतात. तिथे मी मेलो तर फुलं पाठवतील, ओदिल, फीत लावून. खड्ड्यात कोण उतरेल?

ओदिल : अशुभ बोलू नकोस.

येरो : साठ वर्षं त्याने मला गुलाम म्हटलं. शाळेत, बाजारात, माझ्या लग्नात नवरीसमोर. माझी बायको गेली तेव्हा हा दारात बसून ओरडत होता, "माझी मोलकरीण पळाली, मला भरपाई द्या." त्या दिवशी मी घरातून बाहेर आलो ते त्याला हाकलायला. नाहीतर आलोच नसतो.

ओदिल : देम्बाचा हात नसेल रे.

येरो : नसेल.

ओदिल : पोर तसं गरीब होतं. गाईच्या पायात काटा गेला तरी रडायचं.

येरो : तसेच जातात, ओदिल. रेडिओवर सांगितलं तर कोणी ऐकत नाही. काटा काढणारेच जातात.

(ऊन कलतं. लाझार एकटाच परत येतो. टोपी त्याच्या हातात आहे.)

ओदिल : आला! आला रे! काय झालं? एकटाच? अरे, बोल ना!

लाझार : पाणी दे, ओदिल.

ओदिल : आधी सांग. नाक्यावर काय झालं?

लाझार : निकोला हसला. म्हणाला, काका, तुम्ही फुलानी कधीपासून झालात? मी म्हटलं, मालकाने गुलामाची टोपी घातली तर चालते. त्यांची एक बंदूक वर आली होती, ती खाली झाली. एकाने तर फोटो काढला माझा.

ओदिल : आणि चौकी?

लाझार : आत घेतलं. माझ्यासमोर घेतलं. मी बसून राहिलो, शहरात जाणाऱ्या गाडीत बसवेपर्यंत. साहेबाने त्याला भात दिला, खाल्ला त्याने. मारलं-बिरलं नाही कोणी.

ओदिल : देवा! ऐकलंस, येरो? वाचला रे! वाचला तुझा देम्बा! अरे, रडतोस काय, उठ, हात धर या म्हाताऱ्याचा!

येरो : लाझार, विचारलंस का?

लाझार : ओदिल, पाण्याचं भांडं आधी त्यांना दे.

ओदिल : कोणाला?

लाझार : पाहुण्यांना.

येरो : लाझार...

लाझार : खरं बोलला तो. मी विचारायच्या आधी बोलला, नाका ओलांडताच. थांबून, माझ्याकडे बघून बोलला. चांगलं वळण लावलंत तुम्ही त्याला.

ओदिल : अरे, एक शिवी दे रे त्याला! एकच! लाझार, तुझ्या पाया पडते, गुलाम म्हण त्याला!

येरो : राहू दे, ओदिल. निघतो मी.

लाझार : ही तुमची टोपी. माझ्याकडे राहिली होती. घालून जा, साहेब, बाहेर अजून ऊन आहे.